साथीदार नसलेली साथ

काही शब्द पारपत्र न काढता जगभर हिंडतात. जपानी भाषेने असे कितीतरी शब्द जगाच्या झोळीत टाकले आहेत. जुडो, कराटे, त्सुनामी, सुडोकू, इमोजी... यातला एकही शब्द आता फोड करून सांगावा लागत नाही. पण या सगळ्यांत अक्षरशः ‘गाजलेला’ शब्द म्हणजे कराओके. मागे वाद्ये वाजत असतात, पण वाजवणारा एकही दिसत नाही. पडद्यावर गाण्याच्या ओळी सरकत असतात आणि हातात माइक धरून आपल्यातलेच कोणीतरी डोळे मिटून गात असते. हे दृश्य आता इतके सवयीचे झाले आहे, की या शब्दाचा अर्थ काय आणि तो आला कुठून, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही.

प्रवासात माणसाचे कपडे चुरगळतात, तसे शब्दाचे उच्चारही चुरगळतात. जपानी माणूस ‘का-रा-ओ-के’ अशी चारही अक्षरे सारख्या वजनाने, सुटी सुटी म्हणतो. इंग्रजीने त्याचे ‘कॅरिओकी’ केले. चिनी लोकांनी तर गंमतच केली. हा शब्द लिहिताना त्यांनी पहिली दोन अक्षरे चिनी घेतली आणि पुढे चक्क रोमन लिपीतले ‘ओ’ आणि ‘के’ जोडून दिले. कोरियात याच करमणुकीच्या जागेला ‘नोरेबांग’ म्हणजे ‘गाण्याची खोली’ म्हणतात, तर फिलिपाइन्सने चित्रफितीशी नाते जोडून ‘व्हिडिओके’ असा नवाच शब्द घडवला. यात मराठी माणसाचे बरे आहे. आपल्या देवनागरीत मूळ उच्चार जसाच्या तसा लिहिता येतो.

आता या शब्दाची फोड करू. ‘कारा’ म्हणजे रिकामे आणि ‘ओके’ म्हणजे ऑर्केस्ट्रा. जपानी माणसे परदेशी शब्द घेतात आणि त्याची शेपटी छाटून तो घरात वावरण्याजोगा करतात. पर्सनल कॉम्प्युटरचा त्यांनी ‘पासोकोन’ केला, रिमोट कंट्रोलचा ‘रिमोकोन’, एअर कंडिशनरचा ‘एआकोन’. तसाच ‘ओकेसुतोरा’चा झाला ‘ओके’. म्हणजे अर्धा शब्द अस्सल जपानी आणि अर्धा युरोपातून आलेला. दोन्ही मिळून अर्थ होतो : रिकामा वाद्यवृंद.

मराठी कानाला हा अर्थ आणखी वेगळा लागतो. आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की सिम्फनी वाजवणारे शंभर वादक डोळ्यांसमोर येत नाहीत. येतो तो चाळीच्या पटांगणातला किंवा नाट्यगृहातला सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम. त्यात अ‍ॅकॉर्डियन असते, ढोलकी असते, निवेदकाचे विनोद असतात आणि आवडत्या गाण्याला ‘वन्स मोअर’ असतो. त्या ऑर्केस्ट्रातले सगळे वादक उठून निघून गेले आणि सूर मात्र तिथेच राहिले, अशी कल्पना करा. कराओके या शब्दाचा हा चपखल मराठी अर्थ!

‘कारा’ लिहिण्यासाठी जे चिनी चित्राक्षर आहे, त्याचीही एक कुंडली आहे. कराटेमधला ‘कारा’ तोच. कराटे म्हणजे रिकामा हात, शस्त्राविना लढण्याची कला. ओकिनावा बेटांवर पूर्वी हा शब्द वेगळ्या अक्षराने लिहीत, तेव्हा त्याचा अर्थ ‘चिनी हात’ असा होई. १९३६ साली नाहा शहरात जमलेल्या तिथल्या गुरूंनी ‘रिकामा हात’ हे लेखन मान्य केले. उच्चार तोच राहिला, अर्थ बदलला. हेच चित्राक्षर ‘सोरा’ असे वाचले की त्याचा अर्थ आकाश होतो आणि ‘कू’ असे वाचले की बौद्ध तत्त्वज्ञानातली शून्यता. संस्कृतातला ‘शून्यता’ हा शब्द चिनी भाषेत नेताना भाषांतरकारांनी याच अक्षराचा आधार घेतला होता. आपल्याकडेही ‘ख’ या अक्षराचा अर्थ आकाश आणि जुन्या गणितज्ञांच्या परिभाषेत शून्य, असा दुहेरी आहेच. तेव्हा कराओकेमधला रिकामेपणा फुटक्या मडक्यासारखा नाही. कोणीतरी येऊन भरावी म्हणून मोकळी ठेवलेली ती जागा आहे.

मात्र हा शब्द काही बौद्ध मठात जन्मला नाही. तो जन्मला ध्वनिमुद्रणाच्या आणि नभोवाणीच्या धंद्यात. गायकाचा आवाज वगळून नुसत्या वाद्यांची जी फीत तयार करीत, तिला तिथले तंत्रज्ञ आपसात ‘कराओके’ म्हणत. दौऱ्यावर निघालेल्या गायकाला पंधरावीस वादकांचा ताफा गावोगाव नेणे परवडत नसे. अशा वेळी ही फीत उपयोगी पडे. ओसाकाजवळच्या ताकाराझुका या प्रसिद्ध स्त्री-नाट्यसंस्थेबद्दलही एक हकीकत सांगितली जाते. १९५६ साली तिथल्या वादकांनी संप केला, तेव्हा यंत्रावर संगीत वाजवून खेळ पार पाडले गेले आणि वादकांच्या रिकाम्या खड्ड्यावरून हा शब्द निघाला, अशी ती हकीकत. तिच्यातले खरे-खोटे काही असो, पण एक गोष्ट तिने नेमकी पकडली आहे. या शब्दातला रिकामेपणा आपोआप आलेला नाही. त्या खुर्च्यांवर आधी माणसे बसत होती.

कोण होती ही माणसे? जपानी शहरांतल्या मद्यालयांच्या गल्ल्यांतून संध्याकाळी ‘नागाशी’ फिरत. खांद्याला गिटार किंवा गळ्यात अ‍ॅकॉर्डियन अडकवलेले हे फिरते वादक एका मद्यालयातून दुसऱ्यात जात आणि पैसे घेऊन गिऱ्हाइकांच्या फर्माइशी पुऱ्या करीत. कधी स्वतः गात, कधी गिऱ्हाईक गाई आणि हे साथ करीत. पुढे ‘एन्का’ या भावपूर्ण गीतप्रकारात मोठे नाव कमावणारे साबुरो किताजिमा हे गायक उमेदवारीच्या काळात टोकियोच्या शिबुया भागात असेच नागाशी म्हणून हिंडले होते. याशिवाय १९५०च्या दशकात टोकियोत ‘उतागोए किस्सा’ म्हणजे गाण्याची कॉफीगृहे निघाली. अ‍ॅकॉर्डियनच्या साथीवर विद्यार्थी आणि कामगार तिथे रशियन लोकगीते, चळवळीची गाणी एका सुरात म्हणत. म्हणजे चारचौघांत गाण्याची हौस जपान्यांना यंत्राने लावली नाही. ती आधीपासूनच होती. यंत्राने फक्त साथीदार बदलला.

हा बदल एकाच माणसाने केला असेही नाही. १९६७ ते १९७१ या चार-पाच वर्षांत निदान पाच जपानी माणसांनी, एकमेकांची खबरबात नसताना, जवळजवळ सारखेच यंत्र बनवले. त्यातले पहिले मानले जातात ते शिगेइची निगेशी. टोकियोत त्यांचा मोटारीतले टेपरेकॉर्डर वगैरे बनवून देणारा छोटा कारखाना होता. त्यांना सतत गुणगुणायची सवय होती. एक दिवस कारखान्यातल्या सहकाऱ्याने त्यांच्या गाण्याची थट्टा केली. निगेशींना वाटले, मागे नीट वाद्ये वाजत असती, तर माझेही गाणे इतके वाईट वाटले नसते. त्यांनी टेपला माइक, ध्वनिवर्धक आणि आवाज मिसळणारी जोडणी लावून घेतली, वाद्यांची फीत चढवली आणि गाऊन पाहिले. जमले की!

पुढे नाणे टाकायची सोय आणि समोर लुकलुकणारे रंगीत दिवे बसवून त्यांनी त्या पेटीचे नाव ‘स्पार्को बॉक्स’ ठेवले. गाण्यांचे शब्द छापलेली पुस्तिका सोबत असे. ‘कराओके’ हे नाव द्यायला मात्र विक्रेता तयार होईना. कारण जपानीत ‘कानओके’ म्हणजे शवपेटी आणि दोन्ही शब्द कानाला फार जवळचे! करमणुकीच्या पेटीला असले अभद्र नाव कोण देणार? अशा सुमारे ८,००० पेट्या निगेशींनी विकल्या. पण नागाशी वादक चिडले. जिथे पेटी दिसेल तिथे ‘ही आधी बाहेर काढा’ म्हणून ते हटून बसत आणि मद्यालयाचे मालक निमूटपणे पेटी परत पाठवत. शेवटी १९७५च्या सुमारास निगेशींनी हा उद्योग आवरता घेतला. पेटंट त्यांनी घेतलेच नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा कुठे जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेतली.

दुसरे नाव दाइसुके इनोउए यांचे, आणि त्यांची कथा अधिक बोलकी आहे. कारण ते स्वतःच साथीदार होते. कोबे शहरातल्या मद्यालयांत ते वाद्य वाजवून गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करीत. त्यांना स्वरलिपी वाचता येत नसे, सारे काही कानावर. पण एक विद्या त्यांना साधली होती. गाणारा कुठे अडखळणार, कुठे घाई करणार, कुठल्या सुरापर्यंत त्याचा गळा पोहोचणार नाही, हे ओळखून ते आपली साथ वाकवीत. आपल्याकडे भजनात पेटीवर बसलेला जाणकार माणूस गाणाऱ्याची पट्टी चाचपून घेतो आणि तो घसरला तर त्याला अलगद सावरतो, तसाच हा प्रकार. मराठीत त्याला सुंदर शब्द आहे : सांभाळून घेणे.

त्यांच्या गिऱ्हाइकांत एका लहानशा कंपनीचे मालक होते. त्यांना गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी आपल्या मंडळींबरोबर जायचे होते. तिथे गाण्याचा आग्रह होणार आणि इनोउएंची साथ नसली तर फजिती होणार, म्हणून त्यांनी बरोबर चलण्याची गळ घातली. इनोउएंना नोकरी सोडून जाणे शक्य नव्हते. मग त्यांनी या गृहस्थांची गाणी, त्यांना पेलेल अशा पट्टीत आणि लयीत वाजवून टेप केली आणि ती फीत त्यांच्या हाती दिली. मालक खुश होऊन परतले. आणखी फिती हव्यात म्हणाले. इनोउएंच्या डोक्यात तिथेच दिवा पेटला. १९७१ साली त्यांनी मोटारीतला टेप, ध्वनिवर्धक, माइक आणि नाण्याची पेटी एकत्र करून ‘एट ज्यूक’ नावाची अकरा यंत्रे बनवून घेतली आणि कोबेच्या मद्यालयांना भाड्याने दिली. शंभर येनचे नाणे टाकले की काही मिनिटे गाता येई.

यात नवे काय होते? टेप, माइक, नाण्याची पेटी हे सगळे सुटे सुटे बाजारात होतेच. इनोउए स्वतः तेच म्हणत आणि म्हणून त्यांनीही पेटंट घेतले नाही. पण त्यांनी जे केले त्याचे मर्म पेटीत नव्हते, फितीत होते. व्यावसायिक गायकाच्या मूळ तबकडीतली वाद्ये तशीच उचलून सामान्य माणसापुढे ठेवली, तर तो दुसऱ्या ओळीलाच दम टाकतो. इनोउए आणि त्यांच्या सोबत्यांनी गाणी नव्याने वाजवली. सूर खाली आणले, लय बेताची ठेवली. थोडक्यात, न शिकलेल्या गळ्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेले हे संगीत होते. साथीदार खोलीतून गेला, पण जाताना आपली थोडी माया फितीत ठेवून गेला, असे म्हणायला हरकत नाही.

पेटंट घेण्याचे शहाणपण दाखवले ते फिलिपाइन्सच्या रोबेर्तो देल रोसारिओ यांनी. आपल्या ‘सिंग अलाँग सिस्टिम’साठी त्यांना १९८३ आणि १९८६ साली पेटंट मिळाले आणि १९९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्या बाजूने निकाल दिला. जपानी संशोधकांच्या पदरात मात्र त्यांनी जन्माला घातलेल्या अफाट उद्योगातले स्वामित्वधन म्हणून काहीच पडले नाही. आणि नागाशी? गाणे हवे असेल त्याला नाणे पुरू लागल्यावर त्यांची गिटार कोण ऐकणार? १९७०च्या दशकात कराओके फोफावत गेले, तसतसे हे फिरते वादक रस्त्यांवरून विरत गेले. आज टोकियोच्या जुन्या मद्यगल्ल्यांत एखाददुसरा नागाशी भेटला, तर लोक त्याच्याकडे कौतुकाने पाहतात. पोट भरण्याचे साधन कौतुकाचा विषय झाले, की समजावे, तो धंदा संपला.

पण जमेची बाजूही तितकीच खरी आहे. मद्यालयातले कराओके हे मुख्यतः कचेरीतून थकून सुटलेल्या पुरुषांचे होते. १९८५ साली ओकायामा परगण्यात कोणीतरी मालवाहू कंटेनर रिकामा करून त्यात यंत्र बसवले आणि ‘कराओके बॉक्स’ सुरू झाला. तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळणारी, दार लावून घेता येणारी खोली! तिथे दारूची सक्ती नव्हती, अनोळखी नजरा नव्हत्या. शाळकरी मुली आल्या, गृहिणी आल्या, आजी-आजोबांसह सगळे कुटुंब येऊ लागले. भिंती पातळ आणि घरे लहान असलेल्या देशात मोकळ्या गळ्याने ओरडायची एक जागा माणसाला मिळाली. १९९२ पासून गाणी दूरध्वनीच्या तारांवरून थेट यंत्रात येऊ लागली. ती आवाजाच्या फितीऐवजी स्वरांच्या सूचनांच्या रूपात असल्याने बटण दाबताच पट्टी खाली-वर करता येऊ लागली. इनोउए जे कानाने करीत, ते काम बटणाकडे गेले.

या करमणुकीचे रीतिरिवाजही तयार झाले. प्रत्येकाचे एक हुकमी गाणे असते. त्याला ‘जुहाचिबान’ किंवा ‘ओहाको’ म्हणतात. ‘जुहाची’ म्हणजे अठरा. कबुकी नाटकांतल्या इचिकावा घराण्याने एकोणिसाव्या शतकात आपली अठरा खास नाटके निवडली, त्यावरून हा शब्द आला असे मानतात. साहेबाचे गाणे कितीही बेसूर झाले तरी टाळ्या वाजवायच्या, हे तर आहेच. पण शिपायाचे किंवा नव्या मुलीचे झाले तरीही वाजवायच्या. अलीकडे ‘हितोकारा’ म्हणजे एकट्याने खोली घेऊन गाणेही रूढ झाले आहे. वृद्ध मंडळी दुपारी जमून गातात, त्याला ‘हिरुकारा’ म्हणतात. २०२० साली होक्काइदो बेटावर अशा दुपारच्या बैठकांतून करोनाची लागण पसरली, तेव्हा हे गाणे एकाकी म्हाताऱ्यांना किती हवेहवेसे आहे, हेही जगाला अवचित कळले.

इनोउए यांच्या वाट्याला दोन मोठे मान आले. १९९९ साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या आशियाई आवृत्तीने शतकातल्या प्रभावी आशियाई व्यक्तींच्या यादीत महात्मा गांधी आणि माओ यांच्याबरोबर त्यांना बसवले. दुसरा मान २००४ सालच्या ‘इग नोबेल’ पुरस्काराचा. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामगिरीसाठी हे पुरस्कार दिले जातात; तेव्हा ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात दिले जात. इनोउएंना मिळाला तो चक्क शांततेचा! माणसांनी एकमेकांना सहन करायला शिकावे, यासाठी त्यांनी एक अगदी नवा मार्ग दाखवला, असे परीक्षकांचे म्हणणे. सभागृह हसले, आणि मग त्याने उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला.

या विनोदात खरे तर कराओकेचे सारे सार आहे. साथीला माणूस असतो तेव्हा गाणाऱ्याला सांभाळून घेण्याची जबाबदारी त्याची असते. यंत्र कोणासाठी थांबत नाही. तुम्ही कडवे चुकलात, श्वास तुटला, तरी पडद्यावरची ओळ निर्विकारपणे पुढे सरकते. मग सांभाळून घ्यायचे कोणी? समोर बसलेल्यांनी. साथीदाराच्या रिकाम्या खुर्चीत श्रोते येऊन बसले. कोणी अडलेला शब्द पुरवतो, कोणी ध्रुवपद उचलून धरतो, कोणी नुसती मान डोलावतो.

आपल्याकडेही आता पुण्या-ठाण्यात, मुंबईच्या उपनगरांत निवृत्त मंडळी छोटी सभागृहे घेऊन ‘ट्रॅक’वर जुनी हिंदी-मराठी गाणी म्हणतात. आयुष्यभर बँकेत आकडे मांडलेले गृहस्थ साठीनंतर माइकसमोर उभे राहतात. चाळीस वर्षे न्हाणीघरापुरते गायलेल्या बाई पहिल्यांदा आपला आवाज ध्वनिवर्धकावर ऐकतात. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा असतो. आणि त्या सभागृहात एकेकाळी ज्यांना बोलावणे आले असते, तो ढोलकीवाला आणि तो पेटीवाला आज घरी बसून आहेत, हेही खरेच असते. वर्षातून एखाद्या कार्यक्रमाला वर्गणी थोडी वाढवून जिवंत वादक बोलावणे काही अशक्य नाही. ज्यांनी एकदा तशी साथ अनुभवली आहे, त्यांना आपल्यासाठी कोणीतरी क्षणभर थांबले, यातले सुख वेगळे सांगायला नको.

आणि बाकीच्या दिवशी, ट्रॅक सुरू असताना, समोरचे काका अंतऱ्याला घसरले तर आपण मोबाइलमध्ये डोके न घालता त्यांच्याकडे पाहावे. जमले तर ओळ उचलावी. वाद्यवृंद रिकामा आहे हे शब्दानेच सांगून ठेवले आहे. सभागृह तरी रिकामे वाटू नये.